पहिली अडतीस पानं इटलीत कशाला?

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : मी पलूस तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. सुट्ट्यांमध्ये बसून एक पटकथा लिहिली आहे. काळ १९४३ ते ४५. मराठा पलटणीतला सर्जेराव इटलीच्या आघाडीवरून रजेवर गावी येतो. भूमिगत चळवळीत असलेला त्याचा थोरला भाऊ बापू पोलिसांच्या गोळीनं गेलेला असतो. खबर कुणी दिली याचा माग काढून सर्जेराव सूड घेतो. मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी वाचून सांगितलं की विषय दमदार आहे, पण खलनायक गोरा साहेब करा, हिंदीत लिहा आणि रेल्वेची मोठी लूट घाला. निर्मात्यांपर्यंत पोचवायचे ते पंचवीस हजार रुपये मागतात. पटकथेत खरंच काही आहे का? बाजारात तिला कोण विचारील? १६८ पानांची प्रत सोबत जोडते आहे. – एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली

ताई, नमस्कार.

पैशाचं आधी सांगतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. पंचवीस हजार द्यायचे नाहीत. या धंद्यात निर्माता लेखकाला साइनिंगची रक्कम देतो, लेखक कुणाला काही देत नाही. गाठ घालून देणारी माणसं असतात, नाही असं नाही, पण त्यांचा वाटा व्यवहार ठरल्यावर आणि ठरलेल्या रकमेतून निघतो. वाचायच्या आधीच पाकीट मागणाऱ्याच्या ओळखी बहुतेक वेळा स्टुडिओच्या फाटकाबाहेरच्या टपरीपर्यंत असतात.

आता पटकथा. तिच्यात काही आहे का, असं विचारलंत. आहे, पण तुम्हाला वाटतं तिथं नाही. पत्र वाचून मला वाटलं होतं, नेहमीची सूडकथा असणार. भाऊ मेला, खबऱ्या सापडला, त्याला संपवला. पहिली ३८ पानं तसंच वाटत राहिलं. मग ६१व्या पानावर बापूचं वर्षश्राद्ध आलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

इतर वाचकांसाठी तो प्रसंग सांगतो. सर्जेराव सोप्यात बसलाय. वहिनीचा भाऊ दौलू श्राद्धाला येतो. उंबऱ्याबाहेर पायताण काढतो आणि आत येताना पावलं कडेवर टाकत, जपून चालतो. सर्जेराव बघत राहतो.

'पायाला काय झालं, पावणं?'

'काटा मोडलाय.'

'दोनी पायात?'

तेवढ्यात वहिनी पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन येते, भावाच्या पायांकडे नजर न टाकता तो खाली ठेवते आणि आत जाते. बस्स. तिला सगळं माहीत आहे हे आपल्याला कळतं. सोप्यात बसलेल्या भावकीलाही माहीत आहे, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळतं. प्रति सरकारच्या, म्हणजे सातारच्या भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या, न्यायमंडळानं दौलूला पकडून, जाबजबाब घेऊन, तळपायांवर पत्री ठोकून महिन्याभरापूर्वीच सोडलेलं आहे. कळलेलं नाही ते फक्त लढाईवरून आलेल्या सख्ख्या भावाला.

ताई, तुमचा सिनेमा हा आहे. सूड घेणारा नायक कुठल्याही सिनेमात मिळतो. इथं मात्र एकाच माणसाच्या शिक्षेवर चौघांचा हक्क आहे. इंग्रज सरकारच्या लेखी दौलू हा इमानी साक्षीदार. प्रति सरकारच्या लेखी तो फितूर, पण शिक्षा भोगून मोकळा झालेला. वहिनी त्याच गुन्ह्यानं विधवा झालेली आणि गुन्हेगाराची सख्खी बहीण. आणि सर्जेराव तर ज्या सरकारच्या गोळीनं भाऊ गेला त्याच सरकारचा गणवेश घालून आलेला. त्याला इथं बोलायचा तरी अधिकार आहे का? हा प्रश्न तुम्ही उभा केलात आणि मग त्याकडे पाठ फिरवून बंदूक शोधायला गेलात.

६२वं पान त्याचं उदाहरण. आदल्या पानावर जे पायांवरून कळलं, ते इथं सर्जेराव विहिरीवर मित्राला दीड पानभर समजावून सांगतो. हे पान काढा. आणि त्याहून मोठी शस्त्रक्रिया पुढं आहे. श्राद्धाच्या प्रसंगानंतर खबर दौलूनं दिली हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं, पण तुम्ही सर्जेरावला आणखी सत्तर पानं पाटील, सावकार, तलाठी असे संशयित धुंडाळायला लावता आणि १३१व्या पानावर ढोल वाजवून उत्तर देता. प्रेक्षक नायकाच्या सत्तर पानं पुढं असला की तो मोबाइल काढतो. सर्जेरावलाही त्याच दुपारी कळू द्या. मग 'कोण' हा प्रश्न संपतो आणि 'आता हा करणार काय' हा सुरू होतो. दौलूला वहिनी भाकरी वाढते आहे, सर्जेराव समोर जेवतो आहे, दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघंही शाळूच्या काढणीवर बोलतायत. असे तीन प्रसंग तुमच्याकडून सहज होतील, कारण घरातलं न बोलणं तुम्हाला उत्तम लिहिता येतं.

इटलीचं काय करायचं? ३८ पानं तोफा, चिखल, पूल, रात्रीची गस्त. अभ्यास तुम्ही मनापासून केलाय. १/५ मराठा लाइट इन्फंट्री आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो नदीवर लढली, हे बरोबर आहे. पण ही पानं वाचताना निर्माता मनात आकडे मांडत असतो आणि विसाव्या पानाशी तो प्रत मिटतो. तशीही ती लढाई तुमच्या गोष्टीला लागत नाही. लागतं ते एवढंच की सर्जेराव लांब होता आणि त्याला काही कळलं नाही. त्यासाठी पत्र पुरे. आघाडीवरची पत्रं सेन्सॉर होत, ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या असत. घरून आलेलं, चुलत्यानं लिहिलेलं, सगळं खुशाल असल्याचं सांगणारं एक पत्र आणि त्यात न लिहिलेली एक गोष्ट. दोन पानांत काम होतं.

शिवाय रजेचं गणित मला पटलेलं नाही. समुद्रापार लढणाऱ्या शिपायाला ऐन लढाईत घरी जायला रजा मिळणं सोपं नव्हतं. तुम्ही तर त्याला ट्रंकेत स्टेनगन घालून कुंडल रोडला उतरवलंय. पलटणीतलं हत्यार कोतात (शस्त्रागारात) जमा असतं, ते घरी येत नाही. कुठल्याही माजी सैनिकाला विचारा, आणि तुमच्या प्रेक्षकांत ते रांगेनं बसलेले असणार आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, आजही त्या गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' लागतं. या पट्ट्यात सैन्यातली चूक खपत नाही.

माझी सूचना अशी, की त्याला सांग्रोवर जखमी करा. उजव्या हाताची बोटं गेलेली, म्हणून सैन्यातून मोकळा केलेला. येण्याचं कारणही मिळालं आणि एक मोठी अडचणही. नेमबाज म्हणून नाव कमावलेल्या माणसाला आता चाप ओढता येत नाही. त्याला सूड घ्यायचा तर कुणाला तरी सांगावं लागेल, मदत मागावी लागेल. मनात ठेवलेला सूड दुसऱ्यासमोर बोलून दाखवताना माणूस काय शब्द वापरतो, हे ऐकायला मला आवडेल.

तपशिलातली एक चूक आधी दाखवतो, कारण तिच्या पोटात तुमची सगळ्यात भारी संधी आहे. ४४व्या प्रसंगात 'सांगली जिल्ह्याचे पोलीस' येतात. १९४४ मध्ये सांगली जिल्हा नव्हता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. तुमच्या गोष्टीच्या काळात वाळवा, तासगाव हा इंग्रजी मुलूख, सातारा जिल्ह्यातला. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान, मिरजेचं वेगळं. आणि कुंडल, किर्लोस्करवाडी औंध संस्थानात. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये रयतेला स्वराज्याची घटना दिलेली. म्हणजे चार कोस चालत गेलं की माणूस तीन राजवटी ओलांडत होता, आणि इंग्रजी पोलिसांना संस्थानी हद्दीत शिरताना अडचणी येत होत्या. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना (प्रति सरकारची सशस्त्र फौज) कुंडलमधून उभी राहिली, त्याला या हद्दीचाही आधार होता.

तुम्ही त्याच मातीत राहता आणि पटकथेत हद्दीचा एकही दगड नाही! दौलू कुठल्या हद्दीत सुरक्षित, सर्जेराव कुठल्या हद्दीत गुन्हेगार, बापूला नेमकं कुठल्या ओढ्याच्या अलीकडं गाठलं? तो आणखी शंभर पावलं गेला असता तर औंधात पोचला असता, हे वहिनी रोज पाणी आणताना बघत असेल. पाठलागाचा प्रसंग असा लिहिलात तर मोटारी, घोडे काही लागत नाहीत. एक शाळूचं रान, एक दगड आणि पळणारा माणूस.

आता रेल्वेची लूट. शेणोलीजवळची गाडी लुटली गेली ती ७ जून १९४३ रोजी. तुम्ही ती गृहस्थांच्या सांगण्यावरून १९४४ मध्ये आणलीत आणि सर्जेरावला इंजिनावर चढवलंत. हे करू नका. खऱ्या घटनेची तारीख हलवली की इथला माणूस बाकीच्या सिनेमावरही विश्वास ठेवत नाही. खर्चाचं तर विचारूच नका. तेव्हा पुणे-मिरज मार्ग मीटर गेज होता. आता ब्रॉड गेज, वर विजेच्या तारा. त्या मार्गावर १९४३ ची एक चौकटही मिळणार नाही, सगळं संगणकावर किंवा लांब कुठंतरी. लूट हवीच असेल तर बापूच्या आठवणीत, रात्री घरी परतलेल्या बापूच्या अंगाला येणाऱ्या कोळशाच्या वासातून येऊ द्या. वहिनी सदरा धुते आणि पाणी काळं होतं, एवढं पुरे.

क्रांतिसिंह नाना पाटील तीन प्रसंगांत प्रत्यक्ष येऊन भाषण करतात. मी तुमच्या जागी असतो तर त्यांना पडद्यावर आणलं नसतं. एक तर नटाच्या तोंडून ते भाषण शाळेच्या गॅदरिंगचं वाटतं. दुसरं म्हणजे खऱ्या माणसांच्या तोंडी काल्पनिक वाक्यं घातली की वारस, अनुयायी, अभ्यासक सगळ्यांची बोलणी सुरू होतात, आणि निर्माता आधी संमतीपत्रं मागतो. त्यांच्याबद्दल 'अण्णा येऊन गेले' एवढंच गावात कुजबुजलं जाऊ द्या. न्यायमंडळातली माणसं काल्पनिक ठेवा, पण कामाची पद्धत खरी ठेवा.

गोरा साहेब खलनायक करा, हा सल्ला मात्र मला फार चुकीचा वाटतो. गोरा साहेब आला की दौलू सुटला. मग तो बिचारा दबावाखाली बोलला, खरा दोषी साहेब, साहेबाला मारा, टाळ्या. तुमच्याकडे दौलूनं खबर का दिली याचं जे कारण आहे (बांधावरच्या विहिरीचा वाद आणि बापूनं भर चावडीत केलेला अपमान) ते इतकं आपलं आहे की अंगावर काटा येतो. स्वातंत्र्यलढ्याच्या आड भावकीचं वैर साधून घेणारा माणूस आपल्याकडच्या पडद्यावर क्वचितच दिसतो. त्याला दोन प्रसंग जास्त द्या, एक तरी असा की प्रेक्षकाला पाच मिनिटं त्याचं म्हणणं खरं वाटावं.

बाजाराबद्दल. आजच्या घडीला मराठीत ऐतिहासिक म्हटलं की निर्मात्याच्या डोळ्यांपुढं किल्ले आणि मावळे येतात. तुमचा विषय त्यात बसत नाही, ही अडचण आहे आणि थोडा फायदाही. सातारच्या प्रति सरकारचं नाव सगळ्यांना माहीत, आत काय चालायचं ते फार थोड्यांना. पण 'भव्य युद्धपट' म्हणून घेऊन गेलात तर तुमची तुलना दहापट खर्चाच्या हिंदी सिनेमाशी होईल आणि तुम्ही हराल. 'एका घरात घडणारी, बेचाळीसच्या नंतरची गोष्ट' म्हणून गेलात तर खर्च हातातला आहे. एक वाडा, एक चावडी, नदीचा घाट, दोन रानं. वाई-मेणवलीच्या बाजूला शूटिंगची घडी बसलेली आहे, माणसं तयार मिळतात. पण तो घाट प्रेक्षकाला पाठ झालाय. शिराळ्याकडं किंवा तुमच्याच भागात एखादं कौलारू गाव शोधून त्याचे फोटो प्रतीसोबत जोडा. निर्मात्याला लोकेशन दिसलं की खर्च दिसतो, आणि खर्च दिसला की तो पुढचं बोलतो.

हिंदीत लिहू नका. तयार झालेल्या मराठी चित्रपटाला परीक्षणानंतर राज्य सरकारचं अनुदान मिळू शकतं, आणि छोट्या निर्मात्याच्या हिशेबात ते धरलेलं असतं. हिंदी केलंत की ते गेलं. आणि खरं सांगू का, 'दोनी पायात?' याचं हिंदी मला सुचलं नाही.

रक्त थोडं कमी करा, हे नीतीसाठी नाही, व्यवहारासाठी सांगतोय. १०२ ते ११८ या पानांवर कोयता ज्या पद्धतीनं चालतो, त्याला सेन्सॉर 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र देईल. 'ए' सिनेमा आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, आणि मराठीत चॅनेलचे पैसे ही अजूनही मोठी बाजू आहे. आता यूए (पालकांच्या देखरेखीत बघायचा) प्रमाणपत्रात वयाच्या ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या आहेत, १६ च्या पायरीत बसेल इतपत ठेवा. पत्रीची शिक्षा तर दाखवूच नका. ६१व्या पानावरचे पाय बघितल्यावर ती दाखवायची गरज उरत नाही.

शेवटाविषयी माझं मत कडक आहे. घाटावर सर्जेराव दौलूला गोळी घालतो, सॅल्यूट ठोकतो, पार्श्वभूमीला तिरंगा. शेवटच्या अकरा प्रसंगांत वहिनी कुठंच नाही. नवरा तिचा गेला, भाऊ तिचा जाणार, आणि निर्णय दीर परस्पर घेतो? बावन्नाव्या पानापर्यंत तर तिला नावसुद्धा नाही, फौजदार हजेरी घेताना 'पार्वती' म्हणतो तेव्हा आपल्याला कळतं. सर्जेरावला मारू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्याआधी त्याला तिच्यासमोर बसवा आणि विचारायला लावा. ती काय उत्तर देईल ते मला खरोखर सांगता येत नाही, म्हणूनच तो प्रसंग वाचायची उत्सुकता आहे. जमत नसेल तर तो आणि न्यायमंडळाचा प्रसंग जोडून चाळीस मिनिटांची एकांकिका करा. सांगलीत नाटकवाल्यांची वानवा नाही. चार नट मोठ्यानं वाचायला लागले की कुठली वाक्यं पुस्तकी आहेत ते लगेच कानाला लागतं, आणि तुमच्या सर्जेरावची बरीच आहेत. आघाडीवरून आलेला शिपाई 'प्रतिशोधाची ज्वाला' म्हणत नाही.

पुढचं व्यवहाराचं. नवा खर्डा ११० पानांच्या आत बसवा, साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असा हिशेब असतो. तो झाला की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करा. कॉपीराइट लिहिता क्षणीच तुमचा असतो, नोंदणी हा तारखेचा पुरावा. पण कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच ते स्पष्ट केलंय. म्हणून तोंडी गोष्ट सांगत फिरू नका, आणि कुणालाही प्रत दिलीत तर ई-मेलनं द्या, म्हणजे कधी आणि काय दिलं ते राहतं. त्या गृहस्थांकडे आत्ता जी प्रत आहे, ती मिळाल्याचं एका ओळीचं उत्तर त्यांच्याकडून मागून घ्या. करार करताना २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकाला दिलेला रॉयल्टीचा हक्क कुणी 'सोडून देतो' असं लिहून मागितलं, तर सही करण्याआधी असोसिएशनला तो कागद दाखवा.

एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) पटकथा लॅबलाही अर्ज करा. तिथं तुमची गोष्ट समजून घेणारी माणसं भेटण्याची शक्यता मुंबईच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे. त्यासाठी इंग्रजी सारांश लागेल. तो लिहिताना सांग्रो नदी, डिव्हिजन, तुफान सेना यांनी सुरुवात करू नका. श्राद्धाला आलेला पाहुणा सोप्यात शिरताना कसा चालतो, तिथून सुरू करा.